खाली कोण असा?

दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुटी संपून कॉलेज उघडले तेव्हा आम्हांला एक नवे सर शिकवायला आले. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला उभे करून नाव, गाव आणि छंद विचारला. पुढच्या बाकावरच्याने ‘क्रिकेट’ सांगितले, शेजारच्याने ‘वाचन’ सांगितले, आणि माझी पाळी आली तेव्हा मीही ‘वाचन’ म्हणून चटकन खाली बसलो. वास्तविक त्या सकाळी सात माड उतरून, आंघोळ करून, मी धावतपळत वर्गात आलो होतो. छातीवर खरचटलेले सदऱ्याला चिकटत होते आणि नखांत माडाचा काळा भुसा तसाच होता. वाचन मी करतो, नाही असे नाही. पण त्या दिवशी मी खोटे बोललो हे खरे, आणि वार्षिकांकात काहीतरी लिहून द्या असे सांगण्यात आले तेव्हा ते खोटे इथे फेडावे असे मनात आले.

मी पाडेली आहे. घाटावरच्या मित्रांसाठी सांगतो: माडावर चढून नारळ पाडतो तो पाडेली. आमच्या मालवण भागात घरामागे चार-सहा माड नाहीत असे घर विरळा, आणि ज्याच्या माडाला पाडेली मिळत नाही त्याचे नारळ आपले आपण पडतात. पडलेला नारळ कौल फोडतो, किंवा त्याहून वाईट काही करतो. त्यामुळे पाडेल्याची वाट सगळेच बघतात. मात्र आपला मुलगा पाडेली व्हावा असे कोणाला वाटत नाही, खुद्द पाडेल्यालाही नाही.

बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होतो. आई मला घेऊन माहेरच्या वाडीत राहायला आली आणि काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. मामा पाडेली, मामाचे वडील, म्हणजे आमचा आजो, तोही पाडेली. मामाच्या हाताखाली मी लहानपणापासून होतो, पण माडाखाली, वर नव्हे. पडलेले नारळ गोळा करायचे, मोजून घरवाल्याच्या ढिगात टाकायचे, आमच्या वाट्याचे पोत्यात भरायचे, एवढेच माझे काम. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले, त्यानंतरचे दोन आठवडे मला आठवतात. काही माड मुळासकट आडवे, काही मधोमध मोडलेले, आणि जे उभे होते त्यांची चुडते मोडक्या छत्रीसारखी लोंबत होती. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, आणि सकाळी उजाडायच्या आत आमच्या अंगणात माणसे मामाची वाट बघत उभी असत. एरवी मामाला मागल्या दारी बोलावणारे लोक त्या दिवसांत त्याला ‘बसा हो’ म्हणत होते. मी दहावीला होतो. त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. मामा माझा त्या दिवसांत एवढा मोठा माणूस झाला होता की मलाही पाडेली व्हावेसे वाटले. तसे मी बोललो तेव्हा आई मामाला एवढेच म्हणाली, “दादा, माझो झील माडार चढूचो नाय.” विषय तिथे संपला.

तो पुन्हा निघाला २०२३ च्या ऑगस्टमध्ये. पावसात माडाला शेवाळ धरते. शहाणा पाडेली त्या दिवसांत शक्यतो चढत नाही. पण एका घरी बारसे होते, शहाळी हवी होती, आणि मामाला नाही म्हणता आले नाही. उतरताना बारा-एक फुटांवरून तो घसरला. जीव वाचला, पण उजव्या पायाचा घोटा मोडला, आणि हाड जुळून आले तरी पाय पहिल्यासारखा वळेना. माडावर चढणाऱ्याचा सगळा जीव घोट्यात असतो. मामा काठी घेऊन अंगणात फिरू लागला, आणि साठेक घरांचे माड कोणाची तरी वाट बघत उभे राहिले.

कॉलेजात नुकतेच नाव घातले होते. फी, एस.टी.चा पास, पुस्तके, आणि आता मामाचे औषध. आईने चार दिवस काही बोलायचे टाळले. पाचव्या दिवशी कारखान्यातून आल्यावर तिने मामाचा कोयता घासून दारात ठेवला आणि आत निघून गेली. परवानगी मागायला मला जावे लागले नाही.

शिक्षण दसऱ्यानंतर सुरू झाले. मी समजत होतो की मामा मला माड कसा चढायचा ते शिकवील. त्याने पहिले दहा दिवस मला उतरायला शिकवले. घरामागच्या एका माडावर पुरुषभर उंचीपर्यंत जायचे आणि खाली यायचे. पुन्हा जायचे, पुन्हा खाली यायचे. “चढणा सगळ्यांकाच येता रे बाबू. आधी उतरूक शिक,” हे त्याचे म्हणणे. चढताना डोळे वर असतात, पुढची खाच दिसते. उतरताना पायाने शोधावे लागते, आणि थकलेला पाय खोटे सांगतो. पायांत दोरीचा फास घालून दोन्ही तळवे माडाला दोन बाजूंनी असे भिडवायचे, की जणू पायांनी माडाला नमस्कार चालला आहे. हातांनी वर ओढायचे नाही, फक्त धरून राहायचे. वर नेतात ते पाय. ही गोष्ट समजायला मला तीन दिवस लागले, आणि अंगवळणी पडायला तीन महिने. तोवर दंड आणि छाती सोलून निघाली होती. आई रात्री खोबरेल लावी. माडाने केलेल्या जखमेला माडाचेच तेल. तिला ह्यात काही गंमत वाटत नव्हती.

माडाविषयी मी जे काही शिकलो ते सगळे मामाकडून शिकलो. पुस्तकांत ते नंतर वाचले तेव्हा बरेचसे जुळले. माडाला फांदी नाही, त्यामुळे आधाराला धरायचे काही नाही. आंबा-फणसासारखी त्याची खोडे दरवर्षी जाड होत नाहीत, आणि म्हणून खोडाला केलेली जखम कधी भरून येत नाही. आमच्या जुन्या माडांना पाय ठेवायला कोयत्याने पाडलेल्या खाचा आहेत. त्या जशा पाडल्या तशाच आजही आहेत. ह्यातल्या कोणत्या आजोने पाडल्या आणि कोणत्या मामाने, हे मामा खालून बघून सांगतो. आजो उंच होता. त्याच्या खाचा एकमेकींपासून लांब आहेत. पहिल्यांदा त्या माडावर चढलो तेव्हा माझा पाय पुढच्या खाचेला पुरेना आणि मी मध्येच लोंबकळत राहिलो. ज्या माणसाला मी बघितलेले नाही, त्याच्या ढांगेची लांबी मला अशी अंगाने कळली. मामाने मात्र मला नव्या माडांना खाचा पाडायला मनाई केली आहे. खाचेत पाणी मुरते, किडीला दार मिळते, आणि माड ऐंशी वर्षे जगणारा. आपल्या सोयीसाठी त्याला जन्मभराची भोके कशाला, असे तो म्हणतो. स्वतःच्या तरुणपणी पाडलेल्या खाचांकडे बघत तो हे म्हणतो, ह्याची मला मौज वाटते.

महिन्याभराने मी पहिल्यांदा शेंड्यापर्यंत पोचलो. आमच्या बाणवली जातीचा जुना माड पन्नास-साठ फूट सहज जातो. खालून तो स्थिर दिसतो. वर गेल्यावर कळते की तो सारखा हलत असतो. वारा खाली लागत नाही, वर लागतो. मी चुडतांच्या बेचक्यात हात घातला आणि तिथेच थांबलो. समुद्र दिसत होता, सर्जेकोटचा बांध दिसत होता, आमच्या घराची कौले वहीएवढी दिसत होती, आणि माझ्याने हात हलवेना. उजव्या हाताने कमरेमागच्या आकडीतला कोयता काढायचा होता. तो हात चुडत सोडायला तयार नव्हता. खाली मामा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याने हाक मारली नाही, धीर दिला नाही. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, “भियालंस?”

“होय.”

“बरा झाला. भियाक व्हया. आता कोणच्या चुडताक धरलंस ता बघ.”

मी बघितले. मी धरलेले चुडत पिवळे पडलेले होते. सुके किंवा पिवळे चुडत कधी धरायचे नाही, हा तर पहिला धडा. ते भाराने पिढ्यासकट हातात येते. “सुक्या चुडताक हात लावशीत तर मरशीत,” हे मामाने शंभरदा सांगितले होते. मी हात हिरव्या चुडतावर नेला. ते नेताना हात सुटला आणि पुन्हा बसला, आणि सुटलेला हात पुन्हा बसतो हे कळल्यावर भीतीतले निम्मे बळ गेले. उरलेली निम्मी अजून आहे. ती जाऊ नये असे मामाला वाटते.

वरचे काम नुसते नारळ तोडण्याचे नसते, हे खालच्या माणसाला कळत नाही. माडाला साधारण महिन्याला एक चूड येते आणि प्रत्येक चुडाच्या बगलेत एक पोय. पोय फुटल्यापासून नारळ तयार व्हायला जवळजवळ वर्ष लागते. म्हणजे एकाच माडावर कळी, बोंडे, शहाळी आणि पिकले नारळ एकाच वेळी, एकाखाली एक, ओळीने असतात. सबंध वर्ष एका शेंड्यात मांडलेले. त्यातली कोणती पेंड काढायची ते कोयत्याच्या पाठीने ठोकून आवाजावरून ठरवावे लागते. सुरुवातीला माझ्या हातून हिरवी पेंड दोनदा गेली. दोन्ही वेळा मामाने त्या नारळांचे पैसे आमच्या वाट्यातून वळते केले. मग सुकी पोय, जुनी जाळी, उंदराने केलेले घर काढायचे. चुडताला कात्रीने कापावे तसे त्रिकोणी कापे दिसले की गेंड्या भुंगा आला समजायचे आणि त्याचे भोक शोधून तारेच्या हुकाने त्याला ओढून बाहेर काढायचा. हिरवे चुडत मात्र घरवाल्याने कितीही सांगितले तरी तोडायचे नाही. पेंडीचा भार त्याच्यावर असतो. मालक खाली उभा राहून “वरसून साफ कर रे” म्हणून ओरडत असतो. त्याला माड न्हाव्याकडून आल्यासारखा दिसायला हवा असतो. हुमल्यांचे, म्हणजे लाल मुंग्यांचे, घर लागले तर काय करायचे, ह्याला मात्र मामाकडेही उत्तर नाही. चावून घ्यायचे.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी सहा दिवसांचे एक प्रशिक्षण केले. त्याची हकीकत अशी की केरळातसुद्धा माडावर चढणारी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाने तरुणांना यंत्राने माड चढायला शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो इतर राज्यांतही आला. केरळातल्या चेंबेरीच्या जोसेफ ह्यांनी केलेले यंत्र आम्हांला शिकवले. दोन लोखंडी चौकटी असतात. प्रत्येकीला पोलादी दोराचा एक फास माडाभोवती. एका चौकटीवर पाय ठेवून भार दिला की तिचा फास आवळतो, तेवढ्यात दुसरी हाताने सैल करून वर सरकवायची. जिन्याने चालल्यासारखे वर जाता येते. कमरेला पट्टा असतो, आणि शिकून झाल्यावर विमाही उतरवतात. आमच्या तुकडीत दोन मुली होत्या, त्यांतली एक माझ्याआधी शेंड्याला पोचली.

यंत्र घेऊन मी घरी आलो तेव्हा मामाने ते दोन दिवस अंगणात ठेवून नुसते बघितले. तिसऱ्या दिवशी मला ते माडाला लावायला सांगितले, मी वर जाऊन आलो, आणि मग त्याने माडाच्या खोडावरून हात फिरवला. जखम नव्हती. “ह्या बरा असा,” तो म्हणाला. एवढ्यावर त्याचे मत पूर्ण झाले. आईने मात्र पट्ट्याचे बक्कल चार वेळा ओढून बघितले, आणि त्या दिवसापासून ती रात्री जरा लवकर झोपू लागली.

आता जे सांगायचे आहे ते मी बरेच दिवस कोणाला सांगितले नव्हते.

मामाची एक सवय होती. प्रत्येक पेंड तोडण्यापूर्वी तो वरून मोठ्याने ओरडे: “खाली कोण असा?” आणि खालून कोणीतरी “कोण नाय” म्हटल्याशिवाय कोयता मारीत नसे. कोणी नसले तर आपणच तीन बाजूंनी वाकून बघे, पुन्हा ओरडे. एका माडावर सहा पेंडी तर सहा वेळा. वाडीतली पोरे त्याची नक्कल करीत. लहानपणी मीही केली आहे. माझ्या शिक्षणात त्याने हे सुरुवातीपासून घातले होते आणि मी ते करीतही होतो, पण आतून मला त्याचे हसू येई. खालचे अंगण मला स्वच्छ दिसत असताना शिवरात्रीच्या कीर्तनासारखे ओरडत बसायचे कशाला? शिवाय मामा खाली खुर्ची टाकून बसलेला असेच. त्याची नजर अंगणभर फिरे आणि तो एकच शब्द बोले: “टाक.”

त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. नारळी पौर्णिमेला मालवणात नारळ लढवण्याचा खेळ चालतो, तेव्हापासूनच नारळाची मागणी वाढते. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात तर मला दिवसाला वीस-पंचवीस माड होत होते. माडामागे साठ रुपये आणि एक नारळ. मुंबईचे चाकरमानी उतरले होते आणि प्रत्येक घरातून निरोप येत होता. मामाला मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचे, उतरवायचे, खुर्ची मागायची, ह्यात प्रत्येक घरी दहा मिनिटे जात. एका सकाळी मी त्याला म्हटले, “आज तू रव घराक. मी एकटो जातंय.” तो काही बोलला नाही. काठी कोपऱ्यात ठेवून ओटीवर बसला.

तिसऱ्या घरी आठ माड होते. पाऊस थांबून ऊन पडले होते, खोडे सुकली होती, यंत्र छान चालत होते. पहिल्या माडावर मी ओरडलो. दुसऱ्यावर एकदाच ओरडलो. पाचव्यावर पोचेपर्यंत माझा हात असा बसला होता की मी स्वतःवर खूष होतो. खालून दोन चाकरमानी मोबाईलवर माझे चित्रण करीत होते, हेही मला दिसत होते. पहिली पेंड टाकली, दुसरी टाकली, आणि तिसऱ्या पेंडीवर कोयता मारला तेव्हा चुडतांच्या आडून काहीतरी लाल हलल्यासारखे वाटले.

नारळ सुटल्यावर वरचा माणूस काही करू शकत नाही. खाली पोचायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत, पण मी ते बघत असताना मला ते फार लागले. लाल सदऱ्यातला चार वर्षांचा मुलगा पडलेल्या शहाळ्याकडे धावत आला होता. पेंड त्याच्यापासून हातभर अंतरावर पडली. एक नारळ उडून त्याच्या पायाजवळून घरंगळत गेला. मुलगा हसला. त्याला वाटले, मी त्याच्याशी खेळतो आहे. मग त्याची आजी किंचाळली, आणि ती किंचाळल्यावर तो रडायला लागला.

मला खाली येता येईना. पट्टा होता, यंत्र होते, तरी हात पहिल्या दिवसासारखे चुडताला चिकटले होते. खाली कोणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या घरातल्या माणसांनी मी उतरेपर्यंत वाट बघितली, पाच माडांचे पैसे मोजून हातात ठेवले आणि उरलेले तीन राहू देत म्हणून सांगितले. आजी दारात मुलाला पोटाशी धरून बसली होती. तिने माझ्याकडे बघितले नाही.

त्या दिवशी मी पुढच्या घरी गेलो नाही. संध्याकाळी मामाला सगळे सांगितले. माझी समजूत होती की तो चिडेल. निदान खुर्चीचा उल्लेख तरी करील. तो बराच वेळ पान लावत बसला. मग त्याने जे सांगितले ते आईलाही माहीत नव्हते. लग्नाआधीची गोष्ट. आजोबरोबर न जाता तो एकटाच एका घरी गेला होता. माडापासून चार पावलांवर दाव्याला बांधलेले वासरू होते. “मी बघूकच नाय,” मामा म्हणाला. “पेंड सरळ डोक्यार. आवाज पण करूक नाय तेना.” घरवाली बाई विधवा होती, आणि तिच्या गाईचे ते पहिले वासरू. तिने पैसे मागितले नाहीत. मामाने दोन वर्षे थोडे थोडे करून ते फेडले, आणि फेडून झाल्यावरही त्या घरचे माड तो पैसे न घेता पाडत असे. ते घर मला ठाऊक होते. तिथे पैसे का घ्यायचे नाहीत असे मी मामाला एकदा विचारले होते, तेव्हा “तुका काय करूचा हा?” म्हणून त्याने मला गप्प केले होते.

“मग माका आधी कित्याक नाय सांगितलंस?” मी विचारले.

“सांगितलंय काय,” मामा म्हणाला, “रोज सांगतंय. खाली कोण असा म्हणान.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवले. खुर्ची आम्ही आता घरूनच नेतो, दोरीने बांधून.

नव्या सरांचे राहिलेच. गेल्या वर्षी जानेवारीत एका घरमालकाने बोलावले म्हणून सकाळी सातला गेलो. यंत्र माडाला लावीत होतो एवढ्यात मागले दार उघडून तोंडात ब्रश धरलेले सर बाहेर आले; घर त्यांनी भाड्याने घेतले होते. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. सरांनी ब्रश काढला आणि म्हणाले, “अरे, तू? वाचन ना?” मामाला काही समजले नाही, पण तो मोठ्याने हसला. सर काम संपेपर्यंत मामाजवळ उभे होते आणि चुडताला काय म्हणतात, पोय म्हणजे काय, असे विचारत होते. मामाने शिकवलेला हा दुसरा विद्यार्थी. काम झाल्यावर त्यांनी चहाला पुढल्या दाराने आत बोलावले. माझ्या अंगाला जाळी, भुसा, मुंग्या. मी ओटीवरूनच नको म्हटले आणि निघालो. मामा मात्र आत जाऊन खुर्चीवर बसून चहा पिऊन आला. मला ते अजून लागून राहिले आहे. सर हे वाचतील म्हणून लिहितो: चहा उधार आहे.

बी. ए. झाल्यावर काय करणार, असे सगळेच विचारतात. बी. एड. करावे असे आईचे म्हणणे आहे, आणि मलाही शिकवायला आवडेल. साठ घरांचे काय, असे मामा विचारत नाही. वाडीतला एक मुलगा सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर येऊ लागला आहे. सध्या तो पुरुषभर उंचीवरून उतरायला शिकतो आहे.

गेल्या मे महिन्यात त्या आठ माडांच्या घरून निरोप आला. मधल्या काळात त्यांनी दुसऱ्याला बोलावले होते, पण तो एकदाच आला आणि पुन्हा फिरकला नाही. आजीने सांगून पाठवले होते की मुलाने यावे, पण त्याच्या मामाला घेऊन यावे. आम्ही गेलो. मुंबईची मंडळी सुट्टीला आली होती. लाल सदऱ्यातला मुलगा आता पाच वर्षांचा झाला होता आणि सदरा निळा होता. मामाने खुर्ची अंगणाच्या टोकाला टाकली, मुलाला आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उभे केले आणि त्याच्या हातात आपली काठी दिली. आजी दारात उभी होती. मी वर गेलो, हिरवे चुडत बघून धरले, पेंड ठोकून बघितली आणि आकडीतला कोयता काढला.

“खाली कोण असा?”

खालून मामाचा आवाज आला नाही. बारीक, खणखणीत, मुंबईचा आवाज आला: “मी आहे ना!”

मी कोयता परत आकडीत ठेवला आणि थांबलो.